आबांची उभी खाट

जळगावात हॉल कसा लावायचा हे वास्तुशास्त्र ठरवत नाही, कूलर ठरवतो. कूलर ज्या खिडकीत बसला तिच्यासमोरची जागा घरातली पहिली जागा. तिथून जसजसं लांब जावं तसतसा माणसाचा मान कमी होत जातो. आमच्याकडे कूलरच्या थेट तोंडाशी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची खाट होती. नंतर सोफा. मग टीव्ही, त्यालाही चुकून एखादी झुळूक मिळायची. आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघराच्या दारात घाम पुसत उभी असलेली मी.

यावरून कुणाला वाटेल की भांडण हवेचं होतं. हवेचं नव्हतं, खाटेचं होतं.

सासूबाई गेल्यावर आबा धुळ्याकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी सोबत आणलेली एकच मोठी वस्तू म्हणजे ही सागवानी, नवारीची खाट. टेम्पोतून उतरवल्यावर ती आत कुठे ठेवायची हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. हॉलमध्ये आले, खिडकी बघितली, खिडकीतून फाटक दिसतं का ते बघितलं, आणि बोट दाखवलं. त्या दिवसापासून आमचा हॉल हा हॉल राहिला नाही, चावडी झाला.

रस्त्यावरून जाणारा एकही माणूस आबांनी "ये, बठ" म्हटल्याशिवाय पुढे गेला नसेल. भाजीवाला, कुरियरवाला, वीजमीटर बघायला आलेला, सगळे येऊन खाटेच्या पायथ्याशी टेकायचे, केळीचा भाव आणि कापसाची लागवड यांवर बोलायचे आणि माझ्या हातचा चहा पिऊन जायचे. नोकरीला जाणाऱ्या शेजारणी घराच्या किल्ल्या आबांच्या उशाशी ठेवून जायच्या. एवढा मोठा सोफा समोर असूनही त्यावर कुणी बसत नसे. मी त्याचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, नवे अभ्रे घातले, तरी लोक आपले खाटेवर. पुढेपुढे मला त्या सोफ्याची दया यायला लागली.

तरी मी गप्प होते. पण लेकीचं लग्न झालं आणि तिची पहिली आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात. शिवाय यंदा पुण्याचे जावई सोबत येणार होते. जावयांनी आमचा हॉल तोवर फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिला होता. फोन टीव्हीच्या टेबलावर टेकवून ठेवायची आमची सवय असल्यामुळे त्यांना प्रत्येक वेळी माझा चेहरा, मागे लग्नाचा फोटो आणि कोपऱ्यातून फ्रेममध्ये घुसलेली आबांची दोन पावलं दिसायची. लेकीने एकदा हळूच सांगितलं, "आई, हे विचारत होते, ते पाय कायम तिथेच असतात का?"

झालं. मी त्याच आठवड्यात एल आकाराचा सोफा पसंत केला. मोरपंखी रंगाचा. त्याला शोभतील असे पडदे, भिंतीला नवा रंग, कोपऱ्यात एक उंच दिवा, सगळं ठरलं. आता तो एल घरात बसेल असा कोपरा एकच होता, आणि त्या कोपऱ्यात खाट होती.

"आबा, मागची खोली तुमच्यासाठी मस्त लावून देते," मी एका दुपारी ताकाचा पेला पुढे करत म्हणाले. "तिथेही खिडकी आहे. शांतता आहे. दुपारी झोप लागेल."

आबांनी ताक संपवलं. मिशी पुसली. "मांगली खोलीम्हा काय भीत देखत बठू?"

यात चुकीचं काहीच नव्हतं. मागच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या न्हाणीघराची भिंत दिसते आणि दुसरं काही दिसत नाही. पण मी हट्टाला पेटले होते. मी नवऱ्याकडे बघितलं. माझा नवरा पाइपांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथे दोन पाइपांचा जोड बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही म्हणतात, पण घरी दोन माणसांचा जोड बसवायची वेळ आली की तो म्हणतो, "दोघांचंही बरोबर आहे," आणि आंघोळीला जातो. तसा तो गेला.

पुढे आबा त्या विषयावर बोलले नाहीत. आठवड्याने एकदा म्हणाले, "गावले जाई येस," आणि पिशवी भरली. पहाटेची बस होती. रिक्षाची पायरी उंच, म्हणून नवऱ्याने त्यांना दंडाला धरून आत बसवलं. समोरच्या अक्कांनी अंगणात सडा टाकताना ते पाहिलं. अक्का म्हणजे आमच्या कॉलनीचा सीसीटीव्ही, फक्त आवाजासकट.

आबा गेले आणि मी कंबर कसली. ते परत येईपर्यंत रंग, सोफा, पडदे सगळं उरकून टाकायचं. एकदा झाल्यावर माणूस फार बोलत नाही, हे माझं मत लग्नाच्या अनुभवातून तयार झालेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघांनी हॉल रिकामा केला. खुर्च्या, टीपॉय, जुना सोफा, सगळं अंगणात आलं. खाट आडवी ठेवली तर स्कूटर बाहेर निघेना. नवऱ्याने ती उचलली आणि फाटकाशेजारी कंपाउंडच्या भिंतीला टेकवून उभी करून टाकली. फरशीवर रंग सांडू नये म्हणून मी जुन्या पांढऱ्या चादरी भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या. पेंटर शिडीवर चढून जुना रंग खरवडायला लागला. धुळीने माझे डोळे लालभडक झाले, मी ओढणी डोक्यावरून घेऊन तोंडावर धरली. नवऱ्याने केसांत धूळ जाऊ नये म्हणून डोक्याला पंचा गुंडाळला आणि बनियनवर ओट्यावर बसून राहिला, कारण आत त्याचा खोकला थांबत नव्हता.

आता जी गोष्ट आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळते ती आम्हा दोन घोड्यांना त्या दिवशी कळली नाही. आमच्याकडे घरातला माणूस गेला की त्याची खाट बाहेर काढून उभी करतात. सामान हलवतात आणि आत पांढरी चादर अंथरतात, येणाऱ्यांना बसायला. त्याला आम्ही दारावर येणं म्हणतो. आणि दारावर आलेल्या माणसाने काही विचारायचं नसतं. कसं झालं, कधी झालं, एक अक्षर नाही. यायचं, खाली मान घालून बसायचं, घरातलं कुणी बोललं तर ऐकायचं, नाहीतर गप्प. या गप्प बसण्यानेच पुढचा सगळा घोळ केला.

पहिल्या आल्या अक्का. पायरीवर चपला काढल्या, पदर तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. गुडघ्यांचं दुखणं असलेली बाई खाली बसते म्हटल्यावर मला आश्चर्य वाटलं, पण म्हटलं फरशी गार आहे, बसू दे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धूळ सगळ्यांच्याच डोळ्यांत जात होती.

मग शेजारच्या दोघी आल्या. मागून बँकेतल्या वहिनी आल्या. सगळ्या ओळीने बसल्या. मला वाटलं, रंग बघायला आल्या. आमच्या कॉलनीत कुणी रंगाचा डबा उघडला की सगळी कॉलनी मत द्यायला येते, ती जुनी रीत आहे. पण आज कुणीच मत देईना. खरं सांगते, मला थोडा रागच आला. एरवी माझ्या पोह्यांतल्या शेंगदाण्यांवरही बोलणाऱ्या बायका, आणि आज तोंडात गुळणी धरल्यासारख्या.

शेवटी मीच रंगांचं कार्ड घेऊन बँकेतल्या वहिनींसमोर बसले. "वहिनी, तुम्ही सांगा. हा पिस्ता बरा की हा गुलाबी?"

वहिनींनी कार्डाकडे बघितलं, माझ्या लाल डोळ्यांकडे बघितलं आणि माझा हात घट्ट धरून हुंदका दिला. शेजारची हळूच दुसरीला म्हणाली, "धक्का बसलाय गं तिला. तिला रडू द्यायला हवं." अक्कांनी माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. मला वाटलं, अक्कांचं सुनेशी पुन्हा वाजलेलं दिसतंय. म्हणून मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "होतं असं, अक्का. घरोघरी मातीच्या चुली." त्या आणखीच रडायला लागल्या.

शिडीवरचा पेंटर हे सगळं वरून बघत होता. एवढ्या बायका रडतायत म्हटल्यावर तो हळूच उतरला, बादलीत हात धुतले आणि बाहेर जाऊन पुरुषांच्या ओळीत बसला. हो, बाहेर तोवर पुरुषांची ओळ झाली होती. नवऱ्याला वाटलं, रविवार आहे, गप्पा मारायला आलेत. गप्पा कुणीच मारत नव्हतं, पण माझा नवरा स्वतःही फार बोलणारा नाही, त्यामुळे त्याला ती बैठक फार आवडली. डोक्याला पंचा असल्यामुळे त्याने केस काढलेत की नाहीत हे कुणाला दिसत नव्हतं. लोकांनी आपापलं समजून घेतलं होतं: पहाटे दवाखान्यात नेलं, तिथेच आटोपलं, गावी नेऊन सगळं केलं आणि हे दोघं परत आले.

दुपारी तर कमालच झाली. तीन घरांतून पिठलं-भाकरी आली, एका घरातून वरण-भात. ज्या घरी माणूस गेला तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात, ही आपली रीत. पण आमच्या डोक्यात रंगकाम. नवरा ओट्यावरच ताट घेऊन बसला. "बघ," तो मला म्हणाला, "हॉल रंगवतोय तर लोक डबे आणतायत. पुण्यात मिळेल का असा शेजार?" त्याने पिठलं दोनदा मागून घेतलं, वर कांदा फोडायला सांगितला. ओळीतल्या लोकांनी माना आणखी खाली घातल्या. एक म्हातारेसे गृहस्थ डोळे टिपत म्हणाले, "दुःखात भूक फार लागते."

तेवढ्यात नवऱ्याने स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला फोन उचलला. मी त्याच्या मागेच होते. कॉलनीच्या ग्रुपवर आबांचा फोटो होता. लेकीच्या लग्नातला, फेट्यातला, चारही बाजूंनी झेंडूच्या फुलांची चौकट केलेला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग संपतच नव्हती. फोटोच्या एका कडेला माझा अर्धा खांदा आणि पैठणीचा काठ राहिला होता, तो कुणी कापलाही नव्हता. तो फोटो कुणी पुढे धाडला होता देव जाणे, पण धुळ्याहून माझ्या नणंदेचे इतके मिस्ड कॉल होते की पुढचं बघायची हिंमत झाली नाही.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून फाटकाकडे बघितलं. तिथे ती खाट उभी होती.

मी बाहेर धावले ते लोकांना सांगायला. पण हॉलच्या दारात माझे पाय थांबले. तिथे बसलेली प्रत्येक बाई एकाच दिशेला बघत होती, रिकाम्या कोपऱ्याकडे. त्या कोपऱ्यात मला माझा मोरपंखी एल बसवायचा होता, आणि कितीतरी दिवस मी तो तिथे डोळ्यांसमोर आणून खूश होत होते. त्या क्षणी तो मला दिसेना. बँकेतल्या वहिनी सांगत होत्या, "मला बँकेत उशीर व्हायचा तेव्हा माझी मुलगी शाळेतून आली की आबा तिला इथेच बसवायचे. तिला पाढे आबांनी शिकवले. उलटे. साताचा सत्तरापासून खाली." मला हे माहीतच नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात चहा गाळत असणार. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा फार राग आला.

फाटकाशी रिक्षा थांबली. आबा उतरले.

खांद्यावर पिशवी, हातात आखाजीच्या घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज. त्यांनी चपलांचा ढीग पाहिला, ओट्यावरची पुरुषांची ओळ पाहिली. ओळीच्या टोकाला कॉलनीत नवीन राहायला आलेला एक तरुण माणूस होता, त्याला वाकून आबांनी विचारलं, "कोन गया?"

"आबा," तो खाली मान घालूनच म्हणाला.

बाकीच्यांनी माना वर केल्या. पेंटर सोडून सगळे उभे राहिले. पेंटरला कुणीच माहीत नव्हतं. आतून अक्का आल्या, आबांना बघून किंचाळल्या, आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही. त्यात आमच्या दोघांच्या सात पिढ्यांचा उल्लेख होता. हळूहळू एकेकाला हसू फुटायला लागलं. कॉलनीच्या ग्रुपवर श्रद्धांजली टाकणारा माणूस फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नवरा पंचा सोडत सगळ्यांना सांगत होता, "अहो रंगकाम आहे, रंगकाम!"

आबा हसले नाहीत. ते फाटकाशी परत गेले आणि खाटेच्या पायावर हात ठेवून उभे राहिले.

"जित्ता मानूसनी खाट उभी करतस का?"

त्यांनी ते ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नवऱ्याने धावत जाऊन खाट आडवी केली. मी पुढे होऊन पिशवी घेतली. म्हणाले, "आबा, चार दिवस राहणार होता ना गावी? लवकर आलात."

"घर देखाले गयथू," आबा म्हणाले. "तुन्हा सोफा येनार शे ना. म्हनं, आपलं गावनं घर झाडी-झुडी ठेवू. दार उघाडं. लाईट शे, पानी शे. बठ्ठं शे." सगळं आहे म्हणत ते खाटेवर बसले, भर उन्हात. "फक्त बोलाले कोनी नही."

मी दिवसभर न रडलेली बाई तिथे फाटकात मटकन बसले आणि हमसून हमसून रडले. पदर नाही, ओढणी नाही, नाकाडोळ्यांतून पाणी. आणि नेमकी तेव्हाच धुळ्याची गाडी फाटकाकडे वळली.

नणंदेने गाडीच्या काचेतून काय पाहिलं असेल ते मी समजू शकते: गर्दी, चपला, आणि धुळीत बसून रडणारी वहिनी. गाडी थांबायच्या आत तिने दार उघडलं. "ओ मना आबाऽऽ!" असा हंबरडा फोडला की मागच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. ती धावत आली, माझ्या गळ्यात पडली, मला घट्ट धरून तिने पुन्हा हंबरडा फोडला, आणि माझ्या खांद्यावरून तिला समोर खाटेवर बसलेले आबा दिसले. मग माझा गळा सोडून तिने आबांच्या पाठीत दोन धपाटे घातले.

"मी बठ्ठा रस्ता रडत ऊनू!" ती ओरडली. "बठ्ठा रस्ता!"

आता आबा हसले. मिशीतून सुरू होऊन ते हसू पोटापर्यंत गेलं, आणि त्यांच्याबरोबर सगळं अंगण हसायला लागलं. नवऱ्याने आणि पेंटरने मिळून खाट आत नेली, खरवडलेल्या भिंतीला लावली, कूलर सुरू केला. आबा जाऊन बसले. बाकीचे पांढऱ्या चादरींवर खालीच बसले, आता गप्पा मारायला. मी सगळ्यांसाठी चहा टाकला. श्रद्धांजली टाकणाऱ्याला बिनसाखरेचा दिला.

चहा देता देता मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आबा, सोफा आणत नाही मी. आत्ता फोन करून नको सांगते. खाट आहे तिथेच राहील."

अक्का तेवढ्यात घरी जायला उठत होत्या. गुडघे धरून, एका हाताने भिंतीचा आधार घेत, "आई गं" करत. बँकेतल्या वहिनींनी एका बाजूने धरलं, नणंदेने दुसऱ्या, तरी त्यांना उठवेना. आबा ते बघत बसले होते. अक्का एकदाच्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"सोफा येऊ दे," ते मला म्हणाले. "खाट थोडी सरकाडी लेसू. अक्काले खालथून उठता येये ना. मी खरंच जासू तवय लोके कोठे बठतीन?"

सगळे पुन्हा हसले. मी मात्र रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन तिथेच उभी राहिले.